बांध नसलेलं पान

आमच्या इंदापूर तालुक्यात भिगवणला कागद तयार होतो. साधासुधा नव्हे, रंगीत चित्रं छापायचा तुळतुळीत कागद. सचित्र पुस्तक काढायची खाज असलेल्या माणसाने खरं तर अशाच तालुक्यात जन्म घ्यावा, एसटीने भिगवणला उतरावं आणि रिमाचा भाव विचारावा. मी याच तालुक्यात बसून बिनकागदाचं सचित्र पुस्तक काढलं.

माझी नोकरी मोजणी खात्यात झाली. भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा साखळी होती, निवृत्त झालो तेव्हा तिपाईवरचं मशीन आलं होतं. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर, हे गणित मला झोपेतून उठवलं तरी येतं. एकास हजारच्या नकाशात कागदावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे रानातले 10 मीटर. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असताना मी त्यांच्यामधून शांतपणे टेप ओढलेली आहे. अशा वेळी दोन्ही बाजू एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतात आणि सरकारी माणसाने नेमकं कुठे बघावं हा मोठा प्रश्न असतो. मी वहीत बघायचो. नुसतं बघून भागत नाही, काहीतरी टिपून घेतोय असं दिसावं लागतं, म्हणून चित्रं काढायचो. माझ्या चित्रकलेचं सगळं श्रेय बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या भाऊबंदकीला आहे.

निवृत्तीनंतर वह्या काढून बसलो तर त्यातून दोन्ही तालुके निघाले. मोरगावच्या मयूरेश्वराचं मिनारांचं देऊळ, कऱ्हेकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा, सुप्याच्या माळावरची चिंकारा हरणं, इंदापुरातली मालोजीराजांची गढी, निमगाव केतकीचे पानमळे, नीरा नरसिंहपूरचा संगम, तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीला होणारं मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीचं घोड्यांचं रिंगण, उजनीच्या फुगवट्यातले रोहित पक्षी. आणि पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ. हे देऊळ उजनी धरण भरल्यापासून पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं की ते बाहेर येतं, लोकांना फोटो काढू देतं आणि पावसाळ्यात पुन्हा आत जातं.

याचं पुस्तक व्हावं असं मला वाटलं. बाकी कुणाला तसं वाटल्याचं आठवत नाही. पुतण्या बारामतीत इंजिनिअरिंगला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "तात्या, छापायच्या नादाला लागू नका. प्रती उचलणार कोण? ई-बुक करा. खर्च शून्य."

"शून्य म्हणजे किती, ते आधी विचारून घ्या," बायको आतून म्हणाली.

पुतण्याने ई-बुक म्हणजे काय ते उघडून दाखवलं. ईपब नावाची ती फाइल म्हणजे मुळात एक दप्तर असतं. तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं की दप्तर सुटतं: आत मजकुराच्या फाइली, चित्रांचा एक फोल्डर आणि कोणत्या कागदामागे कोणता कागद यायचा त्याची यादी. दप्तर म्हटल्यावर मला बरं वाटलं. उभी हयात दप्तरातच गेलेली. मी पहिला प्रश्न विचारला, "पानाचं माप काय?"

"माप नसतं."

"म्हणजे?"

"ज्याचा फोन जेवढा तेवढं पान. आडवा धरला की आडवं. वाचणाऱ्याने अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, बारीक केलं की कमी होतात."

मी हसलो. आमच्या खात्यात असं बोलणाऱ्याचा अर्ज 'हद्दीबाबत बोध होत नाही' असा शेरा मारून परत जायचा. पोरगं शिकतंय अजून, असं म्हणून मी सोडून दिलं. मापाचं काम होतं, आणि मापात मला शिकवणारा दोन तालुक्यांत नाही, अशी माझी तोवरची समजूत होती.

चित्रं स्कॅन करायला स्कॅनर आणला. शून्य खर्चातली ही पहिली खरेदी. त्यात बारकाईचे आकडे होते: 150, 300, 600. मोजणीत जेवढं बारीक तेवढं चांगलं, म्हणून मी 600 वर ठेवलं आणि काळ्या शाईची चित्रंसुद्धा 'रंगीत' करून स्कॅन केली, न जाणो एखादा रंग असायचा. ए-फोर आकाराचा कागद 600 ला स्कॅन केला की सुमारे 4960 बाय 7016 ठिपके होतात, म्हणजे साडेतीन कोटींच्या घरात. प्रत्येक ठिपक्याच्या तांबड्या-हिरव्या-निळ्या अशा तीन नोंदी धरल्या की एका चित्राचं वजन 100 एमबीच्या वर जातं. अशी चाळीसेक चित्रं. संगणक बिचारा एका चित्रानंतर पंख्याचा आवाज काढायचा आणि मला वाटायचं, काम जोरात चाललंय.

शेजारीच लेखनाची फाइल होती. तीस हजार शब्द. काय काय ओतलं होतं त्यात! देवनागरीच्या दर चिन्हाला 3 बाइट लागतात, इंग्रजी अक्षराच्या तिप्पट, तरी सगळी मिळून अर्ध्या एमबीच्या आसपास. मी आयुष्यभर पाहिलं, ऐकलं, विचार केला त्या सगळ्याचं वजन उजनीच्या एका रोहित पक्ष्याच्या पायाच्या नखाएवढंही भरेना. लेखकाला त्याची जागा दाखवणारं यंत्र म्हणून फाइलींच्या यादीतला 'साइज' हा रकाना मी इतरांनाही सुचवतो.

पुस्तक विकायला ठेवावं म्हणून हिशेब काढला. किंडलच्या दुकानात मानधनाच्या दोन तऱ्हा असतात. 70 टक्क्यांची घेतली तर भारतात दर एमबीमागे 7 रुपये पोचवणावळ वजा होते, 35 टक्क्यांची घेतली तर होत नाही. माझं पुस्तक कितीही आवळलं तरी तेव्हा 60 एमबीच्या खाली येत नव्हतं. साठ सत्ते चारशेवीस. पुस्तकाची किंमत मी 99 रुपये ठरवली होती. हा आकडा बायकोने नेमका ऐकला, आणि चारशेवीस हा आकडा तिला पुढे बराच काळ पुरला. मग पुस्तक फुकट वाटायचं ठरलं. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी कित्येक वर्षं मराठी ई-पुस्तकं फुकट वाटत आलीच आहेत, आपण काही जगावेगळं करत नाही, असं मी चारचौघांत सांगू लागलो.

वजन कमी करायचं कसं, यावर ज्याला विचारावं तो एकच मंत्र द्यायचा: 300 डीपीआय. हे 300 आलं कुठून हे मात्र मला ठाऊक होतं, कारण मी ब्लॉकच्या काळातला माणूस. तेव्हा गावच्या स्मरणिकेत फोटो छापायचा तर पुण्याहून जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे. पैसे चौरस इंचावर, त्यामुळे देणगीदाराचा फोटो किती इंची, हे त्याच्या देणगीवर ठरायचं. ब्लॉकसाठी चित्र जाळीतून ठिपक्यांचं करत. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचाला 65 रेघांची जाळी, गुळगुळीत कागदाला 133 किंवा 150 ची. जाळीच्या दुप्पट बारकाई मूळ चित्रात असली म्हणजे छपाई स्वच्छ येते, हा त्या धंद्यातला ठोकताळा. म्हणून 150 दुणे 300. छापखान्याचा पाढा तो. पण पडद्यावर इंच कुठला? चार लोकांचे चार फोन, प्रत्येकाचा इंच वेगळा. तिथे फक्त चित्र किती ठिपके रुंद आहे तेवढंच चालतं.

हे शहाणपण आज सांगतोय. तेव्हा मी काय केलं, तर मोबाइलवर काढलेले काही जुने फोटो 72 डीपीआयचे दाखवत होते, त्यांच्यापुढे 72 खोडून 300 लिहिलं. फाइल जतन केली, समाधानाने चहा घेतला. पुतण्या म्हणाला, "तात्या, ठिपके तेवढेच आहेत. तुम्ही नुसतं लेबल बदललंत." सातबाऱ्यावर क्षेत्र वाढवून लिहिलं म्हणून बांध सरकत नाही, हे मी स्वतः शेकडो शेतकऱ्यांना सुनावलेलं आहे. पुतण्याला मी म्हणालो, "माहीत आहे, तुझी परीक्षा घेत होतो."

शेवटी चित्रं 1200 ठिपके रुंद करायची असं ठरलं. एवढी रुंदी साध्या फोनला पुरून उरते. सहा इंची किंडलचा 300 वाला पडदासुद्धा 1072 बाय 1448 चा असतो. ए-फोरचं चित्र 1200 वर आणलं की साडेतीन कोटी ठिपक्यांचे वीस लाख राहतात. शाईची रेघाचित्रं पीएनजीत ठेवायची, फोटो जेपेगमध्ये, कारण जेपेग रेघेच्या कडेला बारीक घाण करतं. व्यंगचित्रकार शि. द. फडणिसांच्या चित्रातली रेघ डोळ्यांसमोर आणा आणि तिच्या कडेने पिसवा फिरतायत अशी कल्पना करा, म्हणजे लक्षात येईल. शेवटी चित्र शे-दीडशे केबीवर आलं. सगळं पुस्तक मिळून 6 एमबी झालं. मी बायकोला मुद्दाम ऐकवलं, "सहा सत्ते बेचाळीस." ती म्हणाली, "आता फुकट वाटताय ना?"

यानंतर चित्रं मजकुरात बसवायची होती. हे काम मी पुतण्याला हात लावू न देता केलं. संगणकावर चित्राच्या चारही बाजूंना छोटे चौकोन येतात, त्यांना धरून ओढलं की चित्र मोठं होतं. मी बाजूचा चौकोन धरून ओढायचो, कारण मला रुंदी हवी असायची. रुंदी वाढायची, उंची तेवढीच राहायची. मोठ्या पडद्यावर, चष्म्याच्या खालच्या भागातून बघताना ते काही वाटलं नाही. फोनवर उघडलं तेव्हा भिगवणच्या फुगवट्यात रोहित पक्ष्यांच्या जागी बुटकी, गरगरीत बदकं पोहत होती. नाईकवाडा आडवा पसरून गुरांचा गोठा झाला होता. चिंकारा तर बायकोने बघितल्याबरोबर विचारलं, "ही म्हैस कुणाची?"

"फक्त रुंदी द्यायची, तात्या. उंची त्याची तो काढतो," पुतण्याने सांगितलं. "आणि रुंदी ठिपक्यांत नाही द्यायची, टक्क्यांत द्यायची. पडद्याच्या शंभर टक्के, साठ टक्के, असं." उभी हयात सरकारी खात्यात गेल्यामुळे टक्केवारी म्हटल्यावर मी आधी इकडेतिकडे बघितलं. पण त्याचं बरोबर होतं. मी एक चित्र हट्टाने 1200 ठिपक्यांचंच ठेवलं होतं. बायकोच्या जुन्या फोनवर त्यातला मोरगावचा डावीकडचा मिनार तेवढा दिसत होता, बाकी देऊळ पडद्याबाहेर.

या दिवसांत मला मोरोपंतांचा फार हेवा वाटायचा. पंत बारामतीतच राहिले, 1794 साली तिथेच गेले. त्यांनी 108 रामायणं लिहिली. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे प-फ-ब-भ-म टाळून, ओठाला ओठ न लावता वाचता येईल असं. पण काय केलं नाही, तर चित्र घातलं नाही. आर्येची मात्रा सगळीकडे तेवढीच भरते, तुम्ही ती वाड्यात म्हणा की एसटीत. पंतांना आयुष्यात एकदाही कुणी येऊन सांगितलं नाही, की पंत, आमच्याकडे तुमची आर्या उजवीकडून कापली जातेय.

मुखपृष्ठासाठी मी बारामतीत एका फ्लेक्सवाल्याकडे गेलो. इंदापूरहून एसटीने निमगाव केतकी, लासुर्णे, बेलवाडी, सणसर, भवानीनगर, काटेवाडी, म्हणजे सगळा पालखीमार्ग उलटा. आमच्या भागात चित्रकार शोधावे लागतात, फ्लेक्सवाले आपोआप भेटतात. दुकानात वाढदिवसांचा सीझन होता. (आमच्याकडे तो बाराही महिने असतो.) पोराने मान वर न करता विचारलं, "किती बाय किती?"

"सहा इंच."

"फूट म्हणा, तात्या."

"इंचच. फोनवर बघायचंय."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं की मुखपृष्ठ 1600 बाय 2560 ठिपक्यांचं लागतं. त्याने विचारलं, ते किती फूट होतं? मी कागद घेऊन आकडेमोड करायला लागलो, तोवर त्याने काम उरकलं. वर माझा फोटो, गालांवर उजेड वाढवलेला. मागे उगवता सूर्य. खाली पळसनाथाचं देऊळ, काडेपेटीएवढं. आणि सगळ्यात खाली सवयीने सोडलेली पट्टी: शुभेच्छुक, गोल गोल रिकाम्या जागांसह. मी म्हणालो, "अरे, पुस्तक आहे हे, माझा वाढदिवस नाही." "माहितीय, तात्या. पण शुभेच्छुक असलेले बरे. पैसे विभागून जातात."

मी त्याला बारकाई कमी आहे असं म्हटलं. त्यावर त्याने मला जे सांगितलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. "फ्लेक्स लांबून बघायचा असतो. चौकात दहा बाय आठचा लावला तर पन्नास फुटांवरनं कोण ठिपके मोजतंय? आम्ही 72 ला करतो, कधीकधी त्याच्याही खाली. जेवढं लांब, तेवढं भरड चालतं. तुमचं हे जवळनं बघायचंय, म्हणून बारीक पायजे. पण तात्या, दुकानात लावल्यावर ते एवढंसंच दिसणार ना?" त्याने अंगठ्याचं नख दाखवलं. "मग ते लांबनंच बघितल्यासारखं झालं की. अक्षर मोठं घ्या, शब्द कमी घ्या." शुभेच्छुक, सूर्य आणि मी, असे तिघं काढून टाकल्यावर जे उरलं ते छान होतं. त्याने छपाईच्या चार शाईंतले रंग पडद्याच्या तीन रंगांत बदलून दिले, कारण शाईंच्या हिशेबातलं चित्र काही फोनांवर भलत्याच रंगांत दिसतं. अख्ख्या पुस्तकात कुणीही नावं न ठेवलेलं असं हे एकच पान आहे.

पुस्तक तयार झालं. 'कऱ्हा ते भीमा'. मी ते नात्यागोत्यात सगळ्यांना पाठवलं आणि फोनची वाट बघत बसलो.

पहिला फोन मेहुण्याचा. त्याच्याकडे काळा-पांढरा किंडल आहे. तो म्हणाला, "दाजी, चित्रं झकास. बगळे फार आवडले." बगळे? मी पुस्तकात बगळे घातले नव्हते. त्या पडद्यावर करड्या रंगाच्या 16 छटा असतात, बाकी सगळे रंग त्यात बसवले जातात. गुलाबी रोहित करडा झाला की त्याला बगळा म्हणणाऱ्याचा दोष काय? पण तेवढ्यावर थांबलं नाही. "नकाशा मात्र कळला नाही," तो म्हणाला, "यंदा वारी नदीतून नेताय का?" मी नकाशात नीरा निळ्या रेघेने काढली होती आणि पालखीमार्ग तांबड्या. दोन्ही रंग निवडले होते सारख्याच गडदपणाचे, डोळ्याला गोड दिसावेत म्हणून. करड्यात दोन्ही रेघा एक झाल्या आणि वैष्णवांचा मेळा सरळ पाण्यात उतरला. शिवाय गावांची नावं. मी ती नकाशाच्या चित्रातच लिहिली होती. चित्र आकसलं की आतली अक्षरंही आकसतात. बाहेरचा मजकूर मोठा करता येतो, चित्रातला नाही. भिंगातून बघितल्यावरही निमगाव केतकी आणि एक डाग यांत फरक करता येईना. शेवटी नदीची रेघ जाड केली, पालखीमार्ग तुटक केला. आमच्या नकाशांत वहिवाटीच्या वाटा तुटक रेघेनेच काढतात. मी हजारो वेळा काढलेल्या आहेत.

दुसरा फोन जावईबापूंचा. ते दिवसभर एमआयडीसीत असतात, वाचन रात्री, दिवा मालवून, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं करून. अत्यंत अदबीने म्हणाले, "मामा, पळसदेवच्या प्रकरणात चित्र राहिलंय का? मोकळी जागा आहे." चित्र राहिलं नव्हतं. पुतण्याने मला एक सुधारणा सुचवली होती: काही लोक पिवळसर पानावर वाचतात, तिथे चित्राचा पांढरा चौकोन ठिगळासारखा दिसतो, म्हणून चित्रामागचं पांढरं काढून टाकायचं, नुसत्या रेघा ठेवायच्या. दिसायला सुरेख. पण काळ्या पानावर काळ्या रेघा! उजनीत गेलेलं देऊळ जावईबापूंच्या फोनवर दुसऱ्यांदा बुडालं, आणि या वेळी कळसासकट. सगळ्या चित्रांमागे पुन्हा पांढरं भरलं. ठिगळ तर ठिगळ.

तिसरा फोन आलाच नाही. तो बारामतीच्या व्याह्यांचा यायला हवा होता.

आमचे व्याही निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली होती. काटेवाडीचं रिंगण बघायला गेलो होतो तेव्हा त्यांच्या घरच्या सगळ्यांचा एक फोटो काढला होता, तोही कृतज्ञतेपोटी त्या प्रकरणात घातला होता. व्याही पुढे, फेटा बांधून. त्यांच्यामागे जावईबापूंचे दोन्ही चुलते, मुलगे, सुना, रांगेने. त्याआधीचं चित्र मेंढ्यांच्या रिंगणाचं. त्या चित्राखालच्या ओळीवर मी फार खूश होतो. मोठ्या पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं.

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. आवाज दबका. "बाबा, तुम्ही मुद्दाम केलंत का?"

झालं होतं असं. व्याह्यांना आता बारीक दिसत नाही, ते अक्षर खूप मोठं करून वाचतात. मी मेंढ्यांचं चित्र हौसेने पडद्याभर उंच केलं होतं. त्याच्याखाली ओळ मावायला जागाच नव्हती, त्यामुळे ती पुढच्या पानावर गेली. पुढच्या पानाच्या माथ्यावर ती ओळ ठळक अक्षरांत बसली, आणि तिच्या बरोब्बर खाली व्याह्यांचा सहकुटुंब फोटो. ओळ अशी होती: 'काटेवाडीचं रिंगण. पहिली निघाली की बाकीच्या खाली मान घालून तिच्या मागे. पुढे काय आहे ते कुणीच बघत नाही.'

फोटोची स्वतःची ओळही एक पान पुढे सरकली होती. 'प्रस्तावनाकार सर आणि त्यांचा परिवार' असं लिहिलेल्या पानावर बेलवाडीच्या रिंगणातले घोडे उधळत होते. मुलगी म्हणाली, घोड्यांचं एवढं काही वाटलं नाही कुणाला.

बारामतीला गेलो. बायको आली नाही, म्हणाली तुम्ही मोजणीला एकटेच जायचात ना, आताही जा. व्याह्यांनी 'या पाहुणे' म्हटलं, खुर्ची दिली. चहा आला, बिनसाखरेचा. दोन तालुक्यांत मिळून एवढे साखर कारखाने, आणि काटकसर नेमकी माझ्या कपात. मी पान वाहतं असतं, ज्याच्या-त्याच्या अक्षराप्रमाणे तुटतं, वगैरे सांगायला लागलो. व्याही शांतपणे ऐकत होते. मुख्याध्यापक ज्या शांतपणे उशिरा आलेल्या पोराचं सायकल पंक्चर झाल्याचं ऐकतो, तसे. मग म्हणाले, "पाहुणे, तुम्ही मोजमापाची माणसं. तुमचं माप चुकेल कसं? आमचं घराणं तुम्ही बरोबरच मोजलं असेल."

घरी येऊन रात्रभर बसलो. पुतण्याने फोनवरून सांगितलं आणि मी केलं. चित्राची उंची पडद्याच्या 80 टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही, म्हणजे खाली ओळीला जागा उरते. चित्र आणि त्याची ओळ एका वेष्टणात बांधायची आणि या वेष्टणात पान तोडू नये असं बजावून ठेवायचं. काही वाचायची अ‍ॅपं हे ऐकतात, काही ऐकत नाहीत, म्हणून ओळही छोटी ठेवायची. मेंढ्यांखाली आता फक्त 'काटेवाडी' एवढंच आहे. शिवाय दक्षता म्हणून मेंढ्या आणि व्याही यांच्यामध्ये मी नीरा डाव्या कालव्याची चार पानी माहिती घातली. ती कुणी वाचत नाही, पण अंतर राखते.

मग तपासणी. बायकोचा जुना फोन, मेहुण्याचा किंडल, जावईबापूंचा काळा पडदा, नातीचा टॅब, आणि प्रत्येकावर अक्षर सर्वांत बारीक ते सर्वांत मोठं. एक पान मी हद्द कायम करून ठेवावं आणि दुसऱ्या फोनवर ते सरकलेलं असावं. पीडीएफ करायचा मोह बऱ्याचदा झाला. पीडीएफचं पान जिथल्या तिथे राहतं. पण ते फोनवर वाचायला चिमटीने मोठं करत डावीकडून उजवीकडे ढकलत न्यावं लागतं, आणि व्याह्यांना तेवढं ढकलायला लावण्याची माझी आता प्राज्ञा नव्हती.

सुधारलेली आवृत्ती पाठवली. व्याह्यांचा निरोप आला: 'पोचलं.' एवढाच. जुनी प्रत सगळ्यांनी पुसून टाकावी, अशी त्यांनी घरात सक्त सूचना काढल्याचं मुलीकडून कळलं.

त्यानंतर एका दुपारी, व्याही बाहेर गेलेले असताना, विहीणबाईंचा फोन आला. "पाव्हणं, नवीन पुस्तक चांगलं झालंय. पण ते आधीचं होतं ना, ते जरा परत पाठवा. ह्यांनी माझ्या फोनवरनं काढून टाकलं. माहेरी भावांना दाखवायचंय. आणि हो, त्या मेंढ्यांच्या पानासाठी अक्षर किती मोठं करायचं, तेवढं लिहून ठेवा."